पुस्तकांवरील सवलत : कोणाला आणि कोणाच्या खर्चाने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

दिवाळीची सुट्टी जवळ आली की महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या आवारात एक परिचित दृश्य दिसू लागते. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात किंवा ग्राहक भांडाराच्या दारात टेबले मांडली जातात. त्यांवर कादंबऱ्या, चरित्रे, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि दिवाळी अंक रचले जातात आणि वर कापडी फलक लागतो : 'सर्व पुस्तकांवर खास सवलत'. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला याचीच पुनरावृत्ती होते. चार दिवस विक्री चालते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि पाचव्या दिवशी टेबले पुन्हा वर्गात जातात.

हा उपक्रम वाईट आहे असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक कधी आले नाही, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी शंभर रुपयांचे पुस्तक सत्तर रुपयांना घेऊन जात असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्राची थोडीशी ओळख असलेल्या माणसाने कोणतीही सवलत दिसली की दोन प्रश्न विचारावेत. ही सवलत कोणाला मिळते? आणि तिचा भार कोण उचलतो? नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की, पुस्तकाच्या किमतीचा प्रश्न हा केवळ व्यापाराचा प्रश्न नाही. जमीन, मजुरी आणि पाणी यांच्या वाटपात जी विषमता आहे, तीच अक्षरांच्या वाटपातही आहे.

छापील किमतीचे गणित

मराठी पुस्तकाची किंमत कशी ठरते हे प्रथम पाहिले पाहिजे. कागद, छपाई आणि बांधणी हा उत्पादनखर्च. त्यावर लेखकाची रॉयल्टी, वितरकाचे व विक्रेत्याचे कमिशन, प्रकाशकाचा व्यवस्थापनखर्च, गुदामाचे भाडे आणि न विकल्या जाणाऱ्या प्रतींचा धोका. मराठीत आवृत्ती बहुधा हजार प्रतींची निघते. अलीकडे त्याहूनही लहान आवृत्त्या निघतात. आवृत्ती जितकी लहान, तितका प्रत्येक प्रतीवर पडणारा स्थिर खर्चाचा बोजा मोठा. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते ज्या कागदावर छापायचे त्या कागदावर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो कर अखेर पुस्तकाच्या किमतीतच जाऊन बसतो. कागदोपत्री करमुक्त असलेले पुस्तक वाचकाच्या हाती पडते तेव्हा कर भरूनच आलेले असते.

आता सवलतीकडे वळू. ग्रंथालयांना, शिक्षणसंस्थांना आणि प्रदर्शनांतील ग्राहकांना मोठी सूट द्यावी लागणार आहे, हे प्रकाशकाला पुस्तक छापण्यापूर्वीच ठाऊक असते. ही सूट तो पदरचे पैसे घालून देत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. तो ती छापील किमतीत आधीच धरतो. एक साधे काल्पनिक उदाहरण घ्यावे. समजा, एखादे पुस्तक सर्वांना सारख्याच भावाने विकायचे ठरले, तर २४० रुपये किंमत पुरेशी आहे. परंतु प्रदर्शनात तीस टक्के सूट द्यावी लागते म्हणून प्रकाशक किंमत छापतो ३०० रुपये. शहरातले दोन ग्राहक प्रदर्शनात जातात आणि प्रत्येकी २१० रुपयांना पुस्तक घेतात. तिसरा ग्राहक अक्कलकुव्याचा आहे. त्याच्या गावात प्रदर्शन भरत नाही. त्याला पुस्तक हवे तेव्हा पूर्ण किंमत मोजावी लागते. तो ३०० रुपये देतो. तीन प्रतींचे मिळून ७२० रुपये झाले, म्हणजे सरासरी पुन्हा २४० रुपये. प्रकाशकाचे काही गेले नाही. शहरातल्या दोघांना वाटले की प्रत्येकी नव्वद रुपये वाचले. प्रत्यक्षात त्यांचे तीस-तीस वाचले, आणि ते साठ रुपये अक्कलकुव्याच्या माणसाने भरले.

यात कोणी लबाड नाही. प्रकाशक धंद्याच्या रीतीने वागला, ग्राहकांनी मिळालेली संधी घेतली. परंतु व्यवस्थेचा परिणाम असा झाला की, ज्याला पुस्तक सर्वांत दुर्मिळ, त्याच्याकडूनच सर्वांत जास्त किंमत वसूल झाली. बाजारातील सवलत गरजेप्रमाणे वाटली जात नाही, पोहोचेप्रमाणे वाटली जाते. जो दुकानापर्यंत पोहोचला त्याला ती मिळाली. जो पोहोचू शकला नाही त्याने तिचे बिल भरले.

सवलत कोणाच्या पंचांगाने?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्के होते. साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. राज्याची सरासरी त्या वेळी ८२ टक्के होती. सहा तालुक्यांपैकी नंदुरबार आणि नवापूर ही दोन तालुक्यांची गावे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव येथे रेल्वे नाही. सातपुड्याच्या पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी चालत रस्त्यावर यायचे, मग मिळेल त्या वाहनाने घाट उतरायचा आणि मग पुस्तकाच्या दुकानाचा विचार करायचा. त्यात त्याचा एक दिवस जातो. त्या एका दिवसाची किंमत किती? २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. म्हणजे तीनशे रुपयांचे पुस्तक घेण्यास निघालेल्या मजुराच्या मुलाचे घर त्या दिवशी दोनदा किंमत मोजते : एकदा पुस्तकाची आणि एकदा बुडालेल्या रोजाची. पुस्तकावर तीस टक्के सूट मिळाली तरी बुडालेल्या रोजावर सूट मिळत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे. सवलतीच्या विक्रीचे पंचांग शहरी नोकरदाराच्या पंचांगावर बेतलेले असते. त्याच्या घरी दिवाळीला बोनस येतो, म्हणून दिवाळीला पुस्तकविक्री. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबांच्या दृष्टीने दिवाळीच्या आसपासचा काळ हा गाव सोडण्याचा काळ असतो. गुजरातेतील सुरत-बारडोली पट्ट्यातील साखर कारखान्यांचा हंगाम तेव्हा सुरू होतो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि कोयता, भांडीकुंडी व लहान मुले घेऊन टोळ्या निघतात. या ऊसतोडणी मजुरांच्या जिण्याचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरात केला. सहकारी कारखान्यांनी ऊस उत्पादकाला समृद्ध केले, परंतु ऊस तोडणाऱ्याला सहकारात वाटा दिला नाही, असा त्या अभ्यासाचा रोख होता. त्या टोळीतला एखादा मुलगा महाविद्यालयात नाव दाखल केलेला असला, तरी महाविद्यालयाच्या आवारात सवलतीचा फलक लागतो तेव्हा तो उसाच्या फडात असण्याचीच शक्यता अधिक.

सातपुड्यातील आदिवासींचा सर्वांत मोठा सण होळी हा आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. कामासाठी बाहेर गेलेला माणूस जमेल तसा त्या दिवसांत गावी परततो. त्याच्या हाती थोडा पैसा असतो, खरेदीची इच्छा असते. कापड, दागिने, घुंगरू, ढोल, गूळ-डाळ्या या साऱ्यांची दुकाने त्या बाजारात लागतात, कारण व्यापाऱ्याला आदिवासीचे पंचांग तोंडपाठ आहे. पुस्तकवाल्याला ते ठाऊक नाही. शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार देशभर माहीत आहे. तेथेही पुस्तकाचे दुकान हा यात्रेचा स्वाभाविक भाग झालेला नाही. जिथे माणसे आहेत तिथे पुस्तके नाहीत आणि जिथे पुस्तके आहेत तिथे माणसांनी यावे अशी अपेक्षा. मग वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची तक्रार करण्यात काय हशील?

गरीब माणूस पुस्तक घेत नाही काय?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आदिवासी, दलित, मजूर यांना पुस्तकांची गोडीच नाही. बाजारात दुकान लावले तरी विक्री होणार नाही. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच दरवर्षी मिळतो. ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. ती बहुतांशी कष्टकरी माणसे असतात. घरून भाकरी बांधून आणलेली, रात्र उघड्यावर काढणारी ही माणसे परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांच्या खंडांसाठी तेथे रांगा लागतात. ते खंड जाड आहेत, त्यांतले पुष्कळसे इंग्रजी आहेत. तरीही ते विकत घेतले जातात, कारण ते आपले आहेत ही भावना घेणाऱ्याच्या मनात आहे. इतकी मागणी असताना पुरवठ्याची अवस्था काय होती? छपाईसाठी घेतलेला कागद पडून आहे आणि खंड मात्र छापले जात नाहीत, अशा आशयाच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचक रांगेत उभा आहे आणि पुस्तक गुदामातल्या कोऱ्या कागदात अडकले आहे, असा हा प्रकार होता. वाचकाला दोष देण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा पुरावा नंदुरबारच्या शेजारचाच आहे. नर्मदेपलीकडे गुजरातेतील छोटा उदेपूर भागात तेजगढ येथे गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी भाषांसाठी काम उभे केले. 'ढोल' नावाचे नियतकालिक त्यांनी आदिवासींच्या बोलींतून काढले. त्याच्या पहिल्या अंकाच्या प्रती आदिवासींमध्ये नेल्या तेव्हा त्या हातोहात खपल्या आणि घेणाऱ्यांत अक्षरओळख नसलेले मजूरही होते, अशी आठवण देवी यांनी लिहून ठेवली आहे. ज्याला वाचता येत नाही त्याने कष्टाचा पैसा छापील कागदावर का खर्च करावा? कारण आपली बोली छापली जाऊ शकते, हेच त्याने प्रथम पाहिले. तेथे सवलतीचा फलक नव्हता, तरी पुस्तकाला गिऱ्हाईक मिळाले.

नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी या बोली घराघरांत बोलल्या जातात. महाविद्यालयाच्या टेबलावर मांडलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तके या बोलींतली असतात, किंवा या बोली बोलणाऱ्यांच्या जीवनाविषयीची असतात? शहाद्याच्या परिसरात १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा दिला. त्याच लढ्यातून वाहरू सोनवणे हे कवी म्हणून पुढे आले. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. शहादा-तळोद्याच्या विद्यार्थ्याला हा संग्रह आपल्या महाविद्यालयाच्या भांडारात बाराही महिने मिळाला पाहिजे. पुण्या-मुंबईत न खपलेल्या प्रती सवलत देऊन जिल्ह्याच्या गावी संपवायच्या, याला पुस्तकप्रसार म्हणता येणार नाही.

परदेशांतील दोन वाटा

सवलतीचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इतर देशांनी त्यावर जे प्रयोग केले ते पाहण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये १९०० सालापासून प्रकाशक व विक्रेते यांच्यात करार होता : प्रकाशकाने ठरविलेल्या किमतीच्या खाली पुस्तक विकायचे नाही. १९९५ मध्ये हा करार कोसळला आणि १९९७ मध्ये न्यायालयानेही त्याच्या विरोधात निर्णय दिला. त्यानंतर मोठ्या साखळी दुकानांनी आणि किराणा मालाच्या महाभांडारांनीही खपाऊ पुस्तके भरमसाट सवलतीत विकण्यास सुरुवात केली. ग्राहकाला काही काळ आनंद झाला; परंतु गावोगावची लहान स्वतंत्र दुकाने त्या स्पर्धेत टिकली नाहीत आणि मोठ्या संख्येने बंद पडली.

फ्रान्सने नेमकी उलट वाट धरली. मितराँ यांच्या समाजवादी सरकारातील सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी १९८१ मध्ये कायदा केला. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि विक्रेत्याने ग्राहकाला पाच टक्क्यांहून अधिक सूट द्यायची नाही, असा तो कायदा. त्यामागचे तत्त्व सोपे होते. पॅरिसच्या भव्य दुकानात आणि डोंगरातल्या खेड्यातल्या लहान दुकानात पुस्तकाला तीच किंमत पडावी. जर्मनीनेही २००२ मध्ये स्थिर किमतीचा कायदा केला.

फ्रान्सचा कायदा जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रात लावावा, असे म्हणता येणार नाही. तिथे खेड्यातही दुकान होते, म्हणून ते वाचविण्याचा कायदा करता आला. धडगावात जे दुकान मुळात नाही ते कायद्याने कसे वाचवायचे? तथापि, या दोन अनुभवांतून एक बोध निश्चित निघतो. मोकाट सवलत ही अंती मोठ्या भांडवलाचे शस्त्र ठरते. ज्याला तोटा सोसून विकणे परवडते तो आज स्वस्त विकतो आणि उद्या एकटाच उरतो. घरपोच पुस्तके पाठवणाऱ्या बलाढ्य कंपन्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे.

सहकाराचा विसरलेला धडा

मग उपाय कोणता? तो नवा नाही, विसरलेला आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमधल्या एका खोलीत कामगारांनी आपले सहकारी दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ एवढाच माल त्यात होता. त्या दुकानाचा नियम मोठा शहाणपणाचा होता. त्यांनी माल बाजारभावानेच विकला. सवलतीचा फलक लावला नाही. जो वाढावा उरला तो प्रत्येक सभासदाने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत केला. पुढे त्यांनी वाढाव्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी राखून ठेवली आणि तीतून ग्रंथालय व वाचनालय चालविले. सवलत आणि परतावा यांत हाच भेद आहे. सवलत विक्रेता देतो, त्याच्या मर्जीने आणि त्याच्या सोयीच्या दिवशी. परतावा सभासदाचा असतो. तो हिशेब मागून घ्यायचा असतो.

हे तत्त्व खानदेशातील शेतकऱ्याला परके नाही. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतात. ती कोणाची मेहेरबानी असे कोणताही सभासद मानत नाही. पोते उशिरा आले तर तो वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारतो. विद्यार्थ्याला आपल्या महाविद्यालयाच्या भांडारात असा जाब विचारता येतो काय? तेथे तो ग्राहक असतो, सभासद नसतो. ज्या दिवशी तो सभासद होईल त्या दिवशी कोणती पुस्तके मागवायची, कोणत्या बोलीतली मागवायची, वाढाव्याचे काय करायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे येईल. अर्थव्यवहाराचे शिक्षण यापेक्षा चांगले कोणते असू शकेल?

सवलत हक्काची असली की तिचे स्वरूप कसे पालटते, हे पाहायचे असेल तर एसटीच्या गाडीत बसावे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एसटीच्या प्रवासात अर्धे तिकीट लागू झाले. ते सणापुरते लागू झाले नाही आणि शहरापुरतेही नाही. धडगावची बाजारकरीण आणि नाशिकची कारकून या दोघींना ते सारखेच लागू झाले. पुस्तकाची सवलत या मापाने मोजली पाहिजे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. परिपूर्ण व्यवस्था येईपर्यंत चार दिवसांची विक्री तरी असू द्या. एखाद्या मुलाला पुस्तक हाताळण्याची गोडी तिथेच लागते, असे अनेक प्रामाणिक प्राध्यापक आणि ग्रंथपाल म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर जो पुस्तक महोत्सव भरू लागला, त्यात तरुणांची झालेली गर्दी हेच सांगते. राज्यात जिल्हावार भरणारे ग्रंथोत्सवही याच हेतूचे आहेत. म्हणून विक्री बंद करा असे कोणी म्हणू नये. परंतु चार दिवसांची विक्री हे बाकीच्या तीनशे एकसष्ट दिवसांच्या उपेक्षेवरचे पांघरूण होऊ देऊ नये. भुकेल्याला सणाचे जेवण घालणे पुण्याचे असेल. त्याच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

पुढील गोष्टी करण्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिली गोष्ट, महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या सहकारी भांडाराची मागणी लावून धरणे, आणि जेथे असे भांडार आहे तेथे त्याचा वार्षिक हिशेब फलकावर लावण्याचा आग्रह धरणे. वाढाव्याचा ठरलेला हिस्सा ग्रंथालयाकडे गेला पाहिजे, म्हणजे ज्याला निम्म्या किमतीतही पुस्तक घेता येत नाही त्याला ते वाचायला तरी मिळेल.

दुसरी गोष्ट, एकत्र मागणी. टपाल खात्याची जुनी पुस्तक-टपाल सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांची आणि खेड्यांतील वाचकांची मोठी अडचण झाली. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. आरंभीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा, असा होता. एकट्याने पाव किलोचे एक पुस्तक मागवले तर वीस रुपये पडतात. वीस जणांनी मिळून वीस पुस्तके एका पार्सलात मागवली तर प्रत्येकी पाच रुपये पडतात. संघटनेचे महत्त्व सांगण्यासाठी याहून सोपे गणित सापडणार नाही. तळोद्याच्या शाखेने किंवा अक्कलकुव्याच्या शाळेतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा अशी यादी करावी.

तिसरी गोष्ट, हक्कमुक्त पुस्तके. १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे लेखनहक्क राहत असे. १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षे झाली. जोतीराव फुले यांचे लेखन कधीच सर्वांचे झाले आहे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके, 'श्यामची आई' धरून, १ जानेवारी २०११ पासून खुली झाली. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले आहे. अशी पुस्तके उत्पादनखर्चात छापून देण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. त्यासाठी भांडवल थोडे आणि शिस्त अधिक लागते. ज्यांचा हक्क संपलेला नाही त्या लेखकाच्या रॉयल्टीवर मात्र घाव घालू नये; लेखकही कष्टकरीच आहे. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल ध्यानात ठेवावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या एका दुकानावर तीन बलाढ्य परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. अध्यापनासाठी पुस्तकांतील आवश्यक भागांच्या प्रती विद्यार्थ्यांना काढून देणे हा हक्कभंग नव्हे, अशा आशयाचा निर्णय न्यायालयाने दिला. लेखनहक्कालाही समाजाच्या गरजेची मर्यादा आहे, हे त्या निकालाने अधोरेखित केले.

चौथी गोष्ट, पंचांग बदलणे. पुस्तकांचे एक टेबल भोंगऱ्या बाजारात आणि सारंगखेड्याच्या यात्रेत लागले पाहिजे. टेबलावर बोलीतली पुस्तिका असावी, रोजगार हमीच्या व वनहक्काच्या कायद्याची सोपी माहिती असावी, मुलांची चित्रांची पुस्तके असावीत. आणि वाचून दाखवणारा एक माणूस असावा. पहिल्या वर्षी विक्री थोडी होईल. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक आपणहून विचारील.

पाचवी गोष्ट, शासनाला जाब विचारणे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच झाला. त्या कायद्याखाली जिल्ह्यातील कोणत्या गावाला ग्रंथालय मिळाले, कोणत्या गावाला मिळाले नाही, असलेल्या ग्रंथालयात गेल्या वर्षी कोणती पुस्तके आली, याची गाववार यादी कार्यकर्त्यांनी तयार केली पाहिजे. माहितीशिवाय केलेली मागणी ही तक्रार होते. माहितीसह केलेली मागणी सरकारला टाळता येत नाही.

मित्रहो, शहाद्याच्या शिक्षणसंस्थेने साने गुरुजींचे नाव धारण केले आहे आणि ते या खानदेशच्या भूमीला शोभणारे आहे. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढीत. त्यांच्याजवळ छापखाना नव्हता, भांडवल नव्हते, कमिशनाचा हिशेब नव्हता. सकाळी मूल उठले की त्याला वाचायला काही मिळाले पाहिजे, एवढे एकच प्रयोजन होते. आणि ते रोज होते, सणासुदीपुरते नव्हते. नंदुरबारच्या पुस्तकविक्रीकडे या दृष्टीने पाहावे. किती टक्के सूट दिली हे विचारू नये. अक्राणीच्या पाड्यावरील मुलीला जूनपासून मेपर्यंत, तिला हवे ते पुस्तक, पुण्यातल्या मुलीला पडते त्याहून अधिक किंमत न मोजता मिळाले काय, हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येईपर्यंत त्या कापडी फलकावरील 'सर्व' हा शब्द खरा ठरणार नाही.